दोन दिवसांत अष्टविनायक: ही यात्रा की शर्यत?



मे महिना लागला की एक जाहिरात हमखास नजरेस पडते. "दोन दिवसांत अष्टविनायक. चहा, नाश्ता, जेवण, मुक्कामासहित." कधी ती मोठ्या बसची असते, कधी टेम्पो ट्रॅव्हलरची. घरच्या गाडीने निघणारेही मनात तेच वेळापत्रक धरून निघतात. सुट्टीतल्या प्रवासात तब्येत कशी सांभाळावी, यावर दरवर्षी भरपूर लिहिलं जातं. टोपी घाला, पाणी प्या, उघड्यावरचं खाऊ नका. यात चूक काही नाही. पण हा सगळा सल्ला प्रवाशाला दिलेला असतो. गाडी किती वाजता, कुठे आणि किती वेळ थांबणार हे ठरवणाऱ्याला कुणी काही सांगत नाही.

म्हणून आज स्पष्ट लिहितो. उन्हाळी यात्रेत माणसं आजारी पडतात त्याचं मोठं कारण वेळापत्रक हे आहे. आणि ते वेळापत्रक आखणारा सहसा स्वतः आजारी पडत नाही. आजारी पडते मागच्या सीटवरची आजी, मधल्या सीटवरची सून आणि खिडकीशी बसलेलं चार वर्षांचं पोर.

आठ देवळं, दोन दिवस: हिशोब करून पाहा

आठपैकी मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री ही पाच ठिकाणं पुणे जिल्ह्यात, सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात, तर महड आणि पाली रायगडमध्ये. पुण्याहून निघून सगळं करून परत यायचं तर सहाशे किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. बहुतेक गाड्या पहिल्या दिवशी मोरगावच्या बाजूची देवळं उरकून रात्री ओझरला मुक्कामाला येतात. दुसऱ्या दिवशी ओझर, लेण्याद्री आणि मग घाट उतरून महड, पाली.

गाडीला जरा उशीर झाला की लेण्याद्रीच्या पायऱ्या येतात भर दुपारी. पायऱ्या तीनशेच्या आसपास, मे महिन्यातलं तापमान चाळिशीजवळ, शिवाय खालून तापलेला कातळ. एसी गाडीतून उतरलेला, वर्षभर ऑफिसात बसून काम करणारा पन्नाशीचा माणूस अर्ध्या तासात हे चढतो, कारण "दोनला गाडी सुटणार" असं सांगितलेलं असतं.

शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्ताचं प्रमाण थोडं वाढतं. शेतात राबणाऱ्या माणसाच्या शरीराने हा बदल केलेला असतो. कालच्या एसीतून आज आलेल्याचं शरीर अजून तयार नसतं. तरीही दोघांनी एकाच वेगाने चढावं अशी अपेक्षा असते.

त्यात आणखी एक गोष्ट. देशावरची हवा कोरडी. इथे घाम येता येता वाळतो, त्यामुळे अंगातून किती पाणी गेलं ते कळतच नाही. श्रम करताना हे प्रमाण तासाला एक लिटरपर्यंत जाऊ शकतं. त्याच दिवशी दुपारनंतर गाडी खोपोलीकडे उतरली की दमट हवा लागते. तिथे घाम वाळत नाही, नुसता निथळतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं. निथळलेल्या घामाने पाणी जातं, गारवा मिळत नाही. म्हणजे सकाळी शरीराचं पाणी संपवायचं आणि दुपारी त्याची गार होण्याची सोय काढून घ्यायची, असा हा एका दिवसाचा कार्यक्रम आहे.

३८ अंश म्हणजे "फार नाही"?

"आमच्याकडे बेचाळीस असतं, इथे काय ऊन आहे!" हे वाक्य नेहमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी एक आठवण. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानात झाला. श्रद्धेने लांबून आलेली लाखो माणसं उन्हात बसली होती. तापमान अडतीसच्या आसपास होतं. त्या दिवसाच्या उष्माघाताने १४ जणांचा जीव घेतला.

तापमापीवरचा आकडा एकटा काही सांगत नाही. हवेतला ओलावा, डोक्यावर सावली आहे का, किती वेळ बसायचं किंवा उभं राहायचं आहे, पोटात पाणी किती आहे आणि माणसाचं वय काय, हे सगळं मिळून धोका ठरतो. यातलं ऊन आपल्या हाती नाही. सावली, वेळ आणि पाणी या तीन गोष्टी नियोजन करणाऱ्याच्या हाती असतात. अहमदाबादने हे दाखवून दिलं. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा तयार केला: आधी इशारा, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी. एक अख्खं शहर उन्हाचं नियोजन करू शकतं, तर सतरा सीटच्या गाडीला काय अडचण आहे?

"पाणी प्या" म्हणण्याआधी थांबा द्या

आता मुद्द्याचं बोलतो. प्रवासातल्या बायका पाणी पीत नाहीत, ते त्यांना कळत नाही म्हणून नव्हे. पाणी प्यायलं तर जायचं कुठे, हा प्रश्न असतो. गाडीत पाच पुरुष नातेवाईक, ड्रायव्हर अनोळखी, मधेच "थांबवा" म्हणायचा संकोच. आणि थांबवलं तरी मिळतं काय? कडी नसलेलं दार, पाणी नसलेला नळ. म्हणून आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडलं जातं. चतुर्थी असेल तर उपवासाचं निमित्त मिळतं, मग दिवसभर दोन कप चहा आणि साबुदाण्याची खिचडी.

याचे परिणाम दवाखान्यात दिसतात. लघवी तासन् तास साठून राहिली की तिच्यातले जंतू वाढतात. एरवी ते लघवीवाटे धुऊन निघतात. दोन दिवसांनी जळजळ, वारंवार लघवीला लागणं, ओटीपोटात दुखणं सुरू होतं. दुर्लक्ष झालं तर थंडी वाजून ताप येतो, कंबर भरून दुखते. म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला. गरोदर बाईला आणि मधुमेही बाईला हा धोका जास्त. मुतखड्याचा त्रास असलेल्यांचं वेगळं सांगायला नको. आणि उष्माघाताच्या वाटेवर पहिली पायरी तीच: अंगात पाणी नसणं.

मुंबईत २०११ पासून "राईट टू पी" नावाची चळवळ बायकांसाठी स्वच्छ आणि मोफत मुताऱ्या मागते आहे. नावाला हसणारे पुष्कळ निघाले. मी त्या मागणीला आरोग्याची मागणी मानतो. पेट्रोल पंपावर ग्राहकांसाठी स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी ठेवणं तेल कंपन्यांच्या नियमांनुसार पंपचालकांवर बंधनकारक आहे. कुलूप दिसलं तर किल्ली मागा. बाईने एकटीने मागायची वाट पाहू नका. गाडीतल्या कर्त्या पुरुषाने उतरून मागावी. "कुणाला जायचंय का?" असं विचारू नका, त्याला "नाही" हेच उत्तर येतं. "दर दोन तासांनी पंधरा मिनिटं गाडी थांबेल" हे निघतानाच जाहीर करा. मग पाणी प्या हे सांगावंच लागणार नाही.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी

यात्रेच्या तारखेला पाळी येणार असली की मेडिकलमधून गोळी आणली जाते. चिठ्ठी लागत नाही, कुणी काही विचारत नाही. देवळात कधी जावं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. पण गोळी हे औषध आहे आणि त्यावर बोलणं माझं काम आहे.

या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. पाळी पुढे ढकलण्यासाठी ते दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून घेतात. एवढ्या मात्रेत त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनच्या प्रकारात बदलतो आणि त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते. निरोगी तरुणीत हा धोका कमीच असतो. पण त्यात तासन् तास पाय न हलवता बसणं आणि पाणी न पिणं जोडा. ज्यांना आधी कधी गुठळी झाली आहे, घरात कुणाला झाली आहे, वजन बरंच जास्त आहे, तंबाखू-मिश्री किंवा सिगारेटची सवय आहे, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते, यकृताचा आजार आहे किंवा नुकतंच बाळंतपण झालं आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर "प्रवासाचा शीण" म्हणून झोपू नका, लगेच दाखवा.

घरातल्या मोठ्यांना एकच विनंती. तारीख आपण ठरवता. ठरवण्याआधी सुनेला, मुलीला विचारायला काय हरकत आहे? आठ दिवस पुढे-मागे केलं की गोळीच लागत नाही.

आजी-आजोबांची औषधं आणि ऊन

म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. "मला तहान नाही" हे आजोबांचं म्हणणं खरं असतं, पण अंगात पाणी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. पुढच्या औषधांकडे नीट लक्ष द्या:

- लघवी जास्त होण्याची गोळी (रक्तदाब, हृदयविकार, सूज): उन्हात दिवसभर फिरताना यामुळे रक्तदाब एकदम उतरू शकतो, चक्कर येऊन पडणं होतं. स्वतःहून बंद करू नका. निघण्याआठ दिवस आधी डॉक्टरांना प्रवासाचा बेत सांगा, मात्रा ते ठरवतील.
- साखरेच्या गोळ्या आणि उपवास: काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वागणं ही लक्षणं उन्हाचीच समजली जातात आणि उपचार चुकतो. खिशात साखर किंवा ग्लुकोज हवंच.
- इन्सुलिन: गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका. उन्हात बंद उभ्या गाडीत आतली उष्णता अर्ध्या तासात झपाट्याने वाढते आणि इन्सुलिन निकामी होतं. थर्मासमध्ये ठेवा, पण बर्फाला चिकटू देऊ नका.
- गाडी लागू नये म्हणून घेतलेली गोळी आणि सर्दीच्या काही गोळ्या घाम कमी करतात आणि झोप आणतात. म्हातारी माणसं आणि मुलं यांना उन्हात चढायच्या दिवशी त्या विचारूनच द्या.

बंद गाडीची गोष्ट निघालीच आहे, तर लहान मुलाबद्दलही सांगतो. "झोपलंय, झोपू दे, पाच मिनिटांत दर्शन घेऊन येतो" असं म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवणं हा जिवाशी खेळ आहे. रांग पाच मिनिटांची कधीच नसते.

"पाणी बाधलं" म्हणजे नेमकं काय?

घरी आल्यावर जुलाब सुरू झाले की दोष गावाच्या पाण्यावर जातो. पाणी "बदललं" म्हणून कुणाला जुलाब होत नाहीत. पाण्यात, बर्फात किंवा हातावर जंतू असतात म्हणून होतात. नारायणगाव-आळेफाट्याच्या पट्ट्यात गरम मासवडी आणि रस्सा खाऊन सहसा काही बिघडत नाही. वाफाळतं अन्न सुरक्षितच असतं. फार तर तिखट-तेलाने पित्त वाढेल. बिघडतं ते सोबतच्या चिरून ठेवलेल्या कांदा-काकडीने, पातळ केलेल्या ताकाने आणि रसातल्या बर्फाने. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं झालं. पण रंग नाही म्हणून बर्फ स्वच्छच, असं समजू नका. उसाचा रस बिनबर्फाचा, समोर काढलेला आणि धुतलेल्या ग्लासात घ्या.

जुलाब झाले तर औषध एकच लक्षात ठेवा: ओआरएस. १९७१ च्या बांगलादेश युद्धात डॉ. दिलीप महालनोबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत साध्या मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले. हेच ते औषध. मेडिकलमध्ये गोड फळांच्या स्वादाचे डबे दिसतात, ते म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात "ओआरएस" शब्द वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट घ्या, लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. लहान मुलांना जुलाब थांबवण्याची गोळी देऊ नका.

"पण डॉक्टर, आमचे आजोबा तर चालत जायचे"

हो, जायचे. कसे जायचे तेही सांगा ना. बैलगाडीच्या काळात उन्हाळ्यात गाडी पहाटे जुंपायची आणि ऊन चढलं की झाडाखाली सोडायची. बैलाला जो विसावा मिळत होता, तो आज आजीला मिळत नाही. वारीत चालणारे लाखो लोकही दुपारचा विसावा घेतातच. तो विसावा पालखीच्या कार्यक्रमात लिहिलेला असतो. आपल्या परंपरेने विश्रांतीला यात्रेचाच भाग मानलं. घाई मागाहून आली आहे.

दुसरा आक्षेप: "यात्रा एका दमात पूर्ण व्हायला हवी, शास्त्र आहे." रूढ क्रमाप्रमाणे यात्रा मोरगावला सुरू करून परत मोरगावलाच संपवायची असते. किती पॅकेज गाड्या शेवटी पुन्हा मोरगावला जातात? देवळांचा क्रमही रस्त्याच्या सोयीने बदललेला असतो. डिझेल वाचवायला क्रम बदलता येतो, तर माणसं सांभाळायला एक दिवस वाढवता यायला हवा.

तिसरा: "सुट्टीच दोन दिवसांची आहे आणि मुक्कामाचा खर्च वाढतो." हा आक्षेप खरा आहे, खोटा म्हणणार नाही. त्यावर उत्तर आठ देवळं कमी करणं. या वर्षी ओझर, लेण्याद्री, रांजणगाव करा, उरलेली दिवाळीनंतर. थंडीत ओझरला कुकडीच्या काठी, येडगावच्या जलाशयावरून येणाऱ्या वाऱ्यात उभं राहून पाहा. विघ्नहर मे महिन्यातही तोच असतो आणि डिसेंबरमध्येही तोच.

मग वेळापत्रक कसं असावं?

- ओझरला मुक्काम असेल तर पहाटे दर्शन, सातच्या आत लेण्याद्रीच्या पायथ्याशी, साडेनऊपर्यंत खाली. अंतर पंधरा किलोमीटरांच्या आसपास आहे, सहज जमतं.
- अकरा ते चार उन्हातलं दर्शन, चढण, रांग काहीही नाही. भक्तनिवासात किंवा सावलीत जेवण आणि झोप.
- दिवसाला तीन देवळांपेक्षा जास्त नको.
- दर दोन तासांनी पंधरा मिनिटांचा थांबा, स्वच्छतागृह असलेल्याच ठिकाणी. सगळ्यांनी उतरून पाय मोकळे करायचे.
- गुडघे, हृदय किंवा दम्याचा त्रास असलेल्यांना डोलीचा पर्याय आधीच सांगा. पायथ्याशी थांबून नमस्कार केला तरी यात्रा होते, हेही त्यांना मोठ्यांनीच सांगावं.
- लेण्याद्रीला माकडांना खायला देऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. "घरी गेल्यावर बघू" नको.
- धरणाच्या पाण्यात मुलांना उतरवू नका. काठ उथळ दिसतो, पुढे एकदम खोल असतो.

पैसे भरण्याआधी गाडीवाल्याला हे विचारा. "लेण्याद्रीला किती वाजता पोहोचणार? थांबे कुठे आहेत? तिथे बायकांची सोय आहे का?" गाडीवाले म्हणतात, लोकांनाच आठही देवळं दोन दिवसांत हवी असतात. दहा गिऱ्हाइकांनी हे प्रश्न विचारले की जाहिरात बदलेल. देवस्थानांनी दुपारच्या रांगेवर सावली आणि पाणी ठेवावं, हेही दर्शनाला आलेल्यांनीच मागायला हवं.

उष्माघात झाला असं वाटलं तर

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, अंग भाजल्यासारखं तापलं, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलेलं असतं. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका.

१. आधी गार करा, मग हलवा. सावलीत न्या, कपडे सैल करा किंवा काढा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. मान, काखा, जांघा इथे बर्फ किंवा गार बाटल्या ठेवा.

२. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

३. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. पाणीही नाही.

४. तापाची गोळी इथे उपयोगी नाही. कांदा हुंगवण्यात वेळ जातो, तेवढ्यात मेंदूला इजा होते.

ओझरच्या आसपास नारायणगाव आणि जुन्नरला ग्रामीण रुग्णालय आहे, मंचरला उपजिल्हा रुग्णालय. निघण्याआधी गाडीतल्या दोघांना तरी हे माहीत असू द्या.

यंदाच्या सुट्टीत तुमच्या घरी यात्रेचा बेत ठरत असेल, तर हा लेख गाडी ठरवणाऱ्याला वाचून दाखवा. टोपी आणि पाण्याची बाटली बाकीचे आणतीलच. दुपारचा विसावा मात्र त्यालाच द्यावा लागेल.

प्रवास सुखाचा होवो.